पोहरा रिकामा वर आला तरी

१५ ऑक्टोबर : आविलाची संत तेरेजा हिचा सण
चिंतनासाठी वाचन : योहान ४:५-२९





आज एका प्रश्नाने सुरुवात करते. प्रार्थनेला बसलात आणि आत काहीच हललं नाही, असं तुमच्या बाबतीत शेवटचं कधी झालं? रोझरीचे मणी बोटांतून सरकत होते, तोंडाने ‘नमो मरिया’ चालू होती, आणि डोक्यात उद्याचं प्रेझेंटेशन, घराचा हप्ता, कुणाचा तरी न आलेला मेसेज. प्रार्थना संपली तेव्हा शांती वाटण्याऐवजी एवढंच वाटलं, की चला, झालं एकदाचं.

एखाद्या दिवशी असं झालं तर आपण थकव्याला दोष देतो. पण आठवडे जातात, महिने जातात आणि तरीही आत कोरडंच राहतं, तेव्हा काय करायचं?

माझ्यापुरतं सांगते. तीन वर्षांपूर्वी बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. आम्ही घरी नोव्हेना केली, नऊ दिवस संपल्यावर दुसरी, मग तिसरी. तीन महिन्यांनी बाबा गेले. त्यानंतर प्रार्थनेला बसले की आत फक्त शांतता असायची, तीही चांगली शांतता नव्हे. देवाचा राग आला असता तरी चाललं असतं, निदान भांडता तरी आलं असतं. पण रागही येत नव्हता.

मग मला एक फार प्रामाणिक वाटणारा विचार सुचला. मनात नसताना तोंडाने बोलणं म्हणजे ढोंग. ढोंग करण्यापेक्षा थांबलेलं बरं. मनात आलं की पुन्हा सुरू करू.

आणि मी थांबले. रविवारी आईसोबत मिस्सेला जायचे, तेवढंच. असे आठ महिने गेले. ‘मनात’ काही आलं नाही.

हे आज लिहायचं कारण असं, की जिचा आज सण आहे त्या संत तेरेजानेही अगदी हेच केलं होतं.

संत तेरेजा थांबली तेव्हा

तेरेजाचा जन्म १५१५ साली स्पेनमधल्या आविला शहरात झाला. विसाव्या वर्षी तिने तिथल्या कार्मेल मठात प्रवेश केला. पुढे तिने कार्मेल संघात मोठी सुधारणा केली, नवे मठ स्थापन केले, प्रार्थनेवर पुस्तकं लिहिली. १२ मार्च १६२२ रोजी तिला संतपद मिळालं. त्याच दिवशी संत इग्नेशियस लोयोला आणि ज्यांचं पवित्र शरीर जुन्या गोव्यात आहे ते संत फ्रान्सिस झेवियर यांनाही संतपद मिळालं. १९७० साली ‘डॉक्टर ऑफ द चर्च’ हा मान मिळवणारी ती पहिली स्त्री ठरली. प्रार्थना कशी करावी हे शिकायला सारी ख्रिस्तसभा तिच्याकडे जाते.

पण हीच तेरेजा आपल्या आत्मचरित्रात काही न लपवता सांगते, की मठात असताना एक वर्ष किंवा त्याहूनही जास्त काळ तिने एकांतातली प्रार्थना सोडून दिली होती. सगळ्यांबरोबर म्हणायच्या प्रार्थना चालू होत्या. एकटीने देवासमोर बसणं तेवढं बंद केलं होतं. तिला वाटायचं, माझं मन गप्पागोष्टींत आणि जगात एवढं अडकलेलं, मग मी कोणत्या तोंडाने देवाशी जवळीक करू? त्यापेक्षा चारचौघींसारखं राहावं, हीच खरी नम्रता.

गंमत म्हणजे एकांतात प्रार्थना कशी करायची हे तिने स्वतःच आपल्या वडिलांना शिकवलं होतं. ते मनापासून करत राहिले आणि शिकवणारी मुलगीच थांबली! वडिलांना तिने सांगितलं, की मी आता तशी प्रार्थना करत नाही, आणि कारण दिलं आजारपणाचं. आजारी ती खरंच असायची. पण ते पुरेसं कारण नव्हतं, असं पुढे तिनेच कबूल केलं.

१५४३ साली वडील वारले. शेवटच्या आजारात तिने त्यांची सेवा केली. त्यांचे आध्यात्मिक मार्गदर्शक असलेल्या एका डॉमिनिकन धर्मगुरूंकडे ती गेली, तेव्हा त्यांनी तिला प्रार्थना पुन्हा सुरू करायला सांगितलं. तिने सुरू केली आणि मरेपर्यंत पुन्हा सोडली नाही.

आपल्या साऱ्या चुकांमध्ये प्रार्थना सोडणं ही फार मोठी चूक होती, असं तेरेजा मानते. ते तिला सैतानाचं जाळं वाटतं, आणि जाळं कसलं? नम्रतेसारखं दिसणारं. आपल्या पिढीत हे जाळं प्रामाणिकपणासारखं दिसतं. ‘फील होत नाही, मग फेक कशाला करू?’ ऐकायला किती खरं वाटतं! पण औषधाची चव लागेपर्यंत औषध घेणार नाही, असं आजारी माणूस म्हणतो का?

चार प्रकारचं पाणी

आता आजच्या वाचनाकडे येऊ. दुपारची वेळ आहे. प्रवासाने थकलेला येशू याकोबाच्या विहिरीजवळ बसला आहे. एक शोमरोनी स्त्री पाणी भरायला येते. येशू तिच्याकडे पाणी मागतो, मग जिवंत पाण्याविषयी बोलू लागतो. त्यावर ती अगदी व्यवहारी उत्तर देते : विहीर खोल आहे आणि तुझ्याकडे पाणी काढायला काहीच नाही.

तेरेजाचा हा आवडता उतारा. लहानपणी तिच्या घरी या प्रसंगाचं एक चित्र होतं. ते पाहून ती प्रभूकडे तेच पाणी मागायची. पुढे प्रार्थना समजावून सांगताना तिला पाण्याचाच दाखला सुचला यात नवल नाही.

ती म्हणते, आपला आत्मा ही बाग समजा. बाग आपली नाही, प्रभूची आहे. आपण तिचे माळी. बागेला पाणी चार प्रकारे मिळतं. पहिला प्रकार, विहिरीतून पोहऱ्याने ओढून काढायचं. यात कष्ट खूप आणि पाणी थोडं. दुसरा प्रकार, रहाट फिरवायचा. कष्ट कमी, पाणी जास्त. तिसरा, नदी किंवा ओढ्याचं पाणी बागेत खेळवायचं. आणि चौथा, पाऊस. तिथे माळ्याचं काहीच काम नाही, देवच सगळी बाग भिजवतो.

वसईच्या वाडीत ज्यांचं बालपण गेलं, त्यांना हे वाचताना आपलीच विहीर आठवेल. स्पेनमधला रहाट आणि आपल्या आजोबांचा रहाट यांत फारसा फरक नाही. चाकावर गाडग्यांची माळ, ती रिकामी खाली जाते आणि भरून वर येते, मग पाटाने पाणी केळीच्या आळ्यापर्यंत पोहोचतं. तुमच्यापैकी अनेकांनी रहाट फक्त फोटोत पाहिला असेल, तरी ‘रहाटगाडगे’ हा शब्द तर माहीत आहेच.

बहुतेक वेळा आपण प्रार्थनेकडून थेट चौथ्या पाण्याची अपेक्षा करतो. रिट्रीटमध्ये गाणी चालू असताना डोळे भरून आले, तो पाऊस होता. देवाने दिला, त्याचे आभार. पण सोमवारी सकाळी विरार लोकल पकडायच्या आधीची दहा मिनिटं हा पाऊस नसतो. ती विहीर असते. तिथे दोर हातात घ्यावा लागतो.

आणि विहिरीलाच पाणी नसेल तर?

तेरेजा इथे थांबत नाही, म्हणून ती मला आपली वाटते. ती पुढचा प्रश्न विचारते : माळी रोज पोहरा सोडतोय आणि कित्येक दिवस पोहरा रिकामाच वर येतोय, त्याने काय करावं? कधी कधी तर हात उचलण्याचीही ताकद नसते, मनात एक चांगला विचारही येत नाही. त्याने काय करावं?

तिचं उत्तर थोडक्यात असं : त्याने आनंद मानावा. कारण तो एवढ्या थोर राजाच्या बागेत काम करतोय. पाणी मिळवून स्वतः खूश व्हायला तो आलेला नाही, मालकाला खूश करायला आलाय. त्याचं काम पोहरा सोडण्याचं, पाणी देणं हे मालकाचं काम. आणि पाणी नसतानाही फुलं जगवणं मालकाला जमतं.

हे ती अनुभवातून बोलते. आयुष्याची जवळपास वीस वर्षं तिने अशी ओढाताण सोसली. प्रार्थनेचा तास कधी संपतो इकडे तिचं लक्ष असायचं, घड्याळाचे ठोके कधी पडतात याची ती वाट पाहायची. प्रार्थनेच्या खोलीत शिरतानाच उदास वाटायचं, सगळं धैर्य एकवटून आत जावं लागायचं. प्रार्थनेची थोर शिक्षिका घड्याळाकडे कान लावून बसलेली, हे चित्र मला खूप धीर देतं. आणि ती हेही सांगते, की अशी स्वतःला ओढत नेल्यावर कधी कधी तिला जास्त शांती मिळायची, आपणहून इच्छेने गेलेल्या दिवसांपेक्षाही जास्त.

डोळ्यांत पाणी येणं, मन भरून येणं म्हणजेच देवावरचं प्रेम, असं तेरेजा मानत नाही. न्यायाने, धैर्याने आणि नम्रतेने त्याची सेवा करणं हे तिच्या लेखी प्रेम.

आईने सांगितलेली गोष्ट

मला हे पुस्तकातून कळण्याआधी आईकडून कळलं. बाबा गेल्यानंतरही आई रोज रात्री साडेनऊला ऑल्टरसमोर बसून रोझरी म्हणायची. एकटीच. मी आतल्या खोलीत मोबाइलवर. एका रात्री बाहेर आले तर ती बसल्या बसल्या पेंगत होती, माळ हातात तशीच. मी थोडं चिडूनच विचारलं,

“आई, झोप येतेय तर झोप ना. एवढं करून तुला काय वाटतं गं?”

ती म्हणाली, “काही नाही वाटत. तुझे बाबा गेल्यापासून काहीच वाटत नाही.”

“मग कशाला बसतेस?”

ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “अगं, तुझे बाबा तीन महिने बोलत नव्हते. मी जाऊन बसतच होते ना रोज त्यांच्याजवळ? तेव्हा तू मला नाही विचारलंस, कशाला बसतेस म्हणून.”

मला उत्तर देता आलं नाही. बाबांच्या खाटेशेजारची ती प्लास्टिकची खुर्ची मला आठवली. आई तिथे तासन् तास बसायची. बाबांना ऐकू येतंय का, कळतंय का, आम्हांला नक्की ठाऊक नव्हतं. ती त्यांचा हात धरून शेजारपाजारच्या गोष्टी सांगायची, कधी नुसतीच बसायची. तिला ढोंगी म्हणायचं माझ्या कधी मनातही आलं नाही. उलट त्या तीन महिन्यांत मी आईबाबांचं प्रेम जेवढं पाहिलं, तेवढं आधी कधी पाहिलं नव्हतं.

त्या रात्री मी तिच्या शेजारी बसले. उरलेले दोन दशक आम्ही दोघींनी म्हटले. काहीही वाटलं नाही. दुसऱ्या रात्री पुन्हा बसले.

गाळ काढायचे दिवस

मे महिन्यात विहिरीचं पाणी तळाला जायचं, तेव्हा आजोबा विहिरीतला गाळ काढायचे. एरवी विहीर भरलेली असताना तळ दिसतच नाही. पाणी खाली गेलं की कळतं, काय काय साचलंय. फुटका पोहरा, पाचोळा, मुलांनी टाकलेले दगड. तो गाळ उपसला की झरे मोकळे होतात.

माझ्या कोरड्या काळात मलाही माझा तळ दिसला. माझी प्रार्थना बरीचशी देवाशी केलेला सौदा होती. मी नोव्हेना करते, तू बाबांना बरं कर. सौदा फिसकटला आणि माझ्याकडे देवाशी बोलायला विषयच उरला नाही. मागणं चुकीचं नव्हतं, येशूने स्वतः मागायला शिकवलंय. पण मागण्यापलीकडे आमच्यात काही नातं आहे की नाही, हे मला पाणी आटल्यावरच तपासता आलं.

संत इग्नेशियस आपल्या ‘आध्यात्मिक साधना’ या पुस्तकात अशा कोरडेपणाची तीन कारणं देतात. एक, आपलाच आळस आणि हलगर्जीपणा. दोन, सांत्वन नसतानाही आपण किती पुढे जातो याची पारख. तीन, सांत्वन ही आपली कमाई नसून देवाची देणगी आहे हे आपल्याला मनापासून उमगावं म्हणून. तेव्हा आधी स्वतःला सरळ विचारायचं : मी कशात ढिलाई केली का? केली असेल तर कुमसाराला जायचं आणि सुधारायचं. नसेल, तर स्वतःला उगाच दोष देत बसायचं नाही.

मग नेमकं काय करायचं?

संतांकडून मिळालेल्या आणि मी स्वतः करून पाहिलेल्या काही साध्या गोष्टी सांगते.

१. वेळ बदलू नका, कमी करू नका. इग्नेशियस सांगतात, मन उदास असताना आधी घेतलेला चांगला निर्णय बदलू नये. आणि प्रार्थना लवकर आटपावीशी वाटली तर उलट ठरल्यापेक्षा थोडं जास्त बसावं. दहा मिनिटं ठरली असतील तर अकरा बसा. हे एक मिनिट फार मोठं असतं, करून पाहा.

२. पुस्तकाचा आधार घ्या. तेरेजा कित्येक वर्षं पुस्तक जवळ असल्याशिवाय प्रार्थनेला बसायला धजत नसे. तिला ते ढालीसारखं वाटायचं. दिवसाचं शुभवर्तमान उघडा, दोन ओळी वाचा, थांबा, पुन्हा वाचा. मन भटकलं की परत त्या ओळींवर या.

३. एकच प्रार्थना सावकाश म्हणा. तेरेजाने आपल्या मठभगिनींसाठी ‘पूर्णत्वाचा मार्ग’ हे पुस्तक लिहिलं, त्यात ती प्रभूची प्रार्थना एकेक भाग घेऊन उलगडते. शब्द सुचत नाहीत? येशूने दिलेले आहेत. नुसत्या ‘पित्या’ या हाकेवर पाच मिनिटं थांबा.

४. शरीराकडेही बघा. हे मी मुद्दाम लिहितेय. तेरेजा म्हणते, पुष्कळदा हा कोरडेपणा शरीराच्या अस्वास्थ्यामुळे येतो. अशा वेळी बिचाऱ्या आत्म्याला छळू नका. प्रार्थनेची वेळ बदला, वाचन करा, कुणाची तरी सेवा करा, मोकळ्या हवेत जा. पहिल्या मुद्द्यात वेळ बदलू नका म्हटलं आणि इथे बदला म्हणतेय, असं वाटेल. तो नियम कंटाळ्यासाठी आहे, हा आजारपणासाठी. रात्री दोनला झोपून सकाळी सहाला प्रार्थना कोरडी वाटत असेल तर आधी झोप घ्या. आणि झोप, भूक, कामातला रस असं सगळंच कित्येक आठवडे गेलं असेल, तर प्रार्थनेसोबत डॉक्टरांनाही भेटा. त्यात विश्वासाची कमतरता नाही.

५. एकटे राहू नका. तेरेजाला ते डॉमिनिकन फादर भेटले, मला आई भेटली. तुमच्या धर्मग्रामात फादर असतील, सिस्टर असतील, एखादी मैत्रीण असेल. “मला काही वाटत नाहीये” एवढं एक वाक्य कुणाला तरी सांगा.

किती दिवस?

याचं उत्तर माझ्याकडे नाही, संतांकडेही एकसारखं नाही. तेरेजा एकोणचाळीस वर्षांची असताना, १५५४ साली, जखमांनी भरलेल्या ख्रिस्ताची एक मूर्ती तिच्या नजरेस पडली. ती त्याच्या पायाशी कोसळून रडली आणि तिथून तिचं आयुष्य पालटलं. कोलकात्याच्या मदर तेरेसांच्या बाबतीत असा पाऊस दीर्घकाळ आलाच नाही. त्यांची पत्रं २००७ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा जगाला कळलं की जवळपास पन्नास वर्षं त्यांनी आतला अंधार सोसला होता. तरी पहाटेची प्रार्थना सुटली नाही, आणि रस्त्यावरची माणसंही सुटली नाहीत.

म्हणून मी तुम्हांला असं वचन देणार नाही, की तीस दिवस हे करा आणि मग शांती मिळेल. माझं स्वतःचं सांगायचं तर आजही बरेच दिवस पोहरा रिकामा येतो. कधी तळाला थोडं पाणी असतं. तेवढ्यावर मी आठवडा काढते.

पण आजच्या वाचनातली एक गोष्ट शेवटी पाहू. ती शोमरोनी स्त्री देवाला भेटायला आली नव्हती. तिला पाणी भरायचं होतं. तेच नेहमीचं काम, तोच उन्हातला रस्ता. पुन्हा पुन्हा इथे यावं लागतं याचा कंटाळा तिच्या बोलण्यात ऐकू येतो. आणि ती पोहोचायच्या आधीच येशू तिथे येऊन बसला होता. थकलेला. तहानलेला. पाणी आधी त्याने मागितलं.

आपल्याला वाटतं, विहिरीवर तहानलेले आपणच. आपल्याला पाणी मिळालं नाही की फेरी फुकट गेली असं वाटतं. पण तिथे आपल्याही आधी कुणीतरी येऊन बसलंय आणि त्याला आपली तहान आहे. आज तुमच्या पोहऱ्यात काही आलं नसेल. तुम्ही आलात, हे त्याने पाहिलंय.

उद्याही जाऊया.

प्रार्थना

हे प्रभू येशू, तू विहिरीपाशी थकून बसलास, म्हणून आमचा थकवा तुला कळतो. आम्हांला प्रार्थनेत गोडी वाटते तेव्हा आम्ही तुझे आभार मानतो. काहीच वाटत नाही तेव्हाही तुझ्याजवळ बसून राहण्याची शक्ती आम्हांला दे. आमच्या मनाच्या तळाशी साचलेला गाळ आम्हांला दाखव आणि तो उपसायला हात दे. ज्यांनी दुःखामुळे, लाजेमुळे किंवा कंटाळ्यामुळे प्रार्थना सोडली आहे, त्यांना आज कुणाच्या तरी मुखाने पुन्हा बोलाव. संत तेरेजा, आमच्यासाठी विनंती कर. आमेन.

आजचा संकल्प : आज रात्री मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून दहा मिनिटं प्रभूसमोर बसेन. काही वाटलं तरी, नाही वाटलं तरी. आणि मग अजून एक मिनिट.